तो गणितात कच्चा नाही, प्रश्न अर्धा वाचतोय

कोपरगावहून एका आईचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा पाचवीत, फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा. शाळा सुटली की क्लास, रविवारी सराव पेपर आणि संध्याकाळी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या पोरांचे मार्क. मागच्या रविवारी पेपर एकमध्ये मराठीत ५० पैकी २२, गणितात १०० पैकी ५४, शेवटचे ९ प्रश्न कोरे. सासरे म्हणाले, याच्या बापानं चौथीत स्कॉलरशिप मिळवली होती, आणि त्याच रात्री तिनं पोराला मारलं. आता दर रविवारी सकाळी त्याच्या पोटात दुखतं. तिचे प्रश्न तीन आहेत: परीक्षेला बसवू की नको, गणिताचा वेगळा क्लास लावू का, आणि दुसरीतल्या मुलीला आत्तापासूनच तयारीला बसवू का.

अगं, आधी मारण्याचं बोलू कारण पत्रात तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण तेच तुला सगळ्यात जास्त लागलंय हे कळतंय मला. आज रात्री त्याच्याजवळ बस आणि स्पष्ट सांग की मी मारलं ते चुकलं, मार्कांवरून परत हात उचलणार नाही. "पण तूही अभ्यास कर ना" असं त्याला जोडू नकोस, तेवढंच सांग आणि थांब. दहा वर्षांच्या मुलाला आईची माफी बरोबर कळते.

आणि पोटदुखी एकदा डॉक्टरांना दाखवून घे, भीतीनंच असेल असं आपण घरी बसून ठरवायचं नाही. पण दुखणं फक्त रविवारी सकाळी येत असेल आणि पेपर झाला की जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लपवू नकोस.

आता मार्क. तू सगळीकडे "नापास" लिहिलंयस, आणि तसं नाहीये गं. पेपर एक म्हणजे प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, एकूण १५०. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात, म्हणजे ६०. तुझ्या मुलाला ७६ आहेत. गुणवत्ता यादीत यायला याच्यापेक्षा खूप जास्त लागतात हे खरंय, पण ज्या मुलाला घरात रोज नापास म्हणताय तो आज, तयारी अर्धवट असताना, या पेपरात पात्रतेच्या वर आहे, आणि हे त्याला कुणी सांगितलंय का?

अजून नीट बघ. पेपरात भाषा आधी आणि गणित नंतर, म्हणजे कोरे राहिलेले ९ प्रश्न गणिताचे. मग गणिताचे त्याने सोडवले ४१ आणि त्यातले बरोबर आले २७. मराठीत मात्र २५ पैकी १४ चुकले, निम्म्याहून जास्त! म्हणजे गणित त्याला बऱ्यापैकी येतंय, अडतंय ते वाचनात, आणि वाचनाला वेळ जातो म्हणूनच शेवटी गणिताला वेळ उरत नाही. ९० मिनिटांत ७५ प्रश्न, एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा येत नाही, त्यात उताराही वाचायचा. त्यामुळे गणिताचा अजून एक क्लास लावलास तर पैसे जातील, पोराची उरलेली संध्याकाळ जाईल आणि मार्क तिथेच राहतील असं मला अगदी मनापासून वाटतं. नको लावूस.

त्यापेक्षा या रविवारी सराव पेपर द्यायचाच नाही. मागचा पेपर घे आणि दोघं मिळून चुकलेले प्रश्न परत काढा, घड्याळ बाजूला ठेवून. त्याला प्रश्न मोठ्याने वाचायला लाव आणि पेपर झाकून विचार की काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग, उत्तर नकोच आहे मला. उदाहरण देते, "खालीलपैकी मूळ संख्या नसलेला पर्याय कोणता?" आणि पर्याय ४७, ५१, ५३, ५९. घाईतलं मूल "मूळ संख्या" एवढंच वाचतं, ४७ दिसली की गोल रंगवून मोकळं. त्याला मूळ संख्या येतात, ५१ ला ३ ने भाग जातो हेही येतं, राहिला तो "नसलेला" शब्द. असे प्रश्न बाजूला काढ. आणि दुसरीकडे, सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी निघालेली एसटी २ तास ३५ मिनिटांनी पोचली तर किती वाजता, याला त्याने १२ वाजून ७५ मिनिटं असं काही केलं तर ती वाचनाची चूक नाही, तिथे कालमापन परत शिकवायचं, ६० मिनिटांचा तास करून दुपारचा सव्वा कसा होतो ते. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि क्लासमध्ये चाळीस पोरांत त्या वेगळ्या काढायला कुणाला वेळ नसतो, घरी तू काढू शकतेस, तुला गणित येत नसलं तरी.

वाचताना कान देऊन ऐक. जोडाक्षरांवर अडखळतो का, ओळ सुटते का, शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरतो का. ओळी सुटत असतील तर डोळे तपासून घे, पुष्कळ मुलांचा चष्मा असाच लक्षात येतो. अडखळत असेल तर एकच छोटा उतारा तीनदा वाचून घे, पहिल्यांदा तू वाच, मग दोघं मिळून, मग तो एकटा. आणि सरसर वाचतोय पण सांगता येत नाही असं असेल तर उताऱ्यावरच्या प्रत्येक उत्तराला बोट ठेवायला लाव, हे उत्तर कुठल्या ओळीत आहे ते दाखव. मुलं उतारा वाचून स्वतःला माहीत असलेलं उत्तर देतात, उताऱ्यातलं नाही, आणि पर्याय मुद्दाम तसेच दिलेले असतात. भाषेच्या पेपरात जाहिरात, बातमी, संवाद, कविता असलं सगळं येऊ शकतं त्यामुळे घरात येणारं लाईटबिल, किराणा दुकानाची जाहिरात, पेपरातली चार ओळींची बातमी, काहीही चालेल, रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको.

कोऱ्या प्रश्नांचं सोपं आहे. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अडलं की प्रश्नपत्रिकेवर खूण करून पुढे जायचं आणि शेवटची पाच मिनिटं राहिलेले गोल भरायला. मात्र प्रश्न सोडून पुढे जाताना उत्तरपत्रिकेवरचा नंबर चुकतो, एक गोल खाली सरकला की पुढचे सगळे सरकतात, आणि पेनने रंगवलेला गोल खोडता येत नाही. ओएमआरच्या, म्हणजे गोल रंगवायच्या त्या उत्तरपत्रिकेच्या, दोन-चार झेरॉक्स आणून एवढंच करून घे. ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या वेबसाईटवर जुने पेपर आणि उत्तरसूची फुकट मिळतात, गाईडांचा ढीग नको. दोन आठवड्यांतून एक पूर्ण पेपर पुरे, जानेवारीच्या शेवटी दोन्ही पेपर एका दिवशी एकदा देऊन बघा म्हणजे तेवढा वेळ बसायची सवय होईल.

ग्रुपचं काम त्याच्या बाबांना करू दे. त्यांनी क्लासच्या सरांना फोन करून सांगायचं की आमच्या मुलाचे मार्क ग्रुपवर टाकू नका, आम्हाला वेगळे पाठवा. ऐकलं नाही तर क्लास सोडा, बिनधास्त. आणि सासऱ्यांशीही त्यांच्या मुलानेच, म्हणजे तुझ्या नवऱ्यानेच बोलावं, तू नको. बाबांच्या वेळी ही परीक्षा चौथीला होती, २०१६-१७ पासून ती पाचवीला आली, अभ्यासक्रम वेगळा, पेपर वेगळा, तुलना होतच नाही. नातवाला जवळ घेऊन पाढे म्हणून घ्यायचं किंवा बातमी वाचून घ्यायचं काम आजोबांना दे ना, त्यांना आवडेल असं वाटतंय पत्रावरून.

परीक्षेला बसव. पण आधी त्यालाच विचार, बसायचंय का, आणि नाही म्हणाला तर का ते पूर्ण ऐकून घे. ग्रुप आणि मार बंद झाल्यावर बहुतेक तो हो म्हणेल. तरीही रविवारची पोटदुखी राहिली, झोप-जेवण बिघडलं तर यंदा सोडून द्या, फॉर्मचे पैसे गेले तर जाऊ देत. वाचन सुधारलं तर ते सहावीच्या इतिहासालाही उपयोगी पडणारच आहे.

धाकटीचं म्हणशील तर आता परीक्षा परत चौथी-सातवीवर आणायचा निर्णय झालाय, त्यामुळे दुसरीपासूनच "फाउंडेशन" क्लासवाले तुझ्या मागे लागतील. नाही म्हणून सांग. रात्री दादा बातमी वाचत असेल तेव्हा तिला शेजारी बसू दे, गोष्टीचं पुस्तक तिच्या हातात दे, बाजारात गेलीस की सुट्टे पैसे तिला मोजू दे. दुसरीला एवढंच.