सेरेटच्या पेलेटवर पांढरी भुकटी येते? आधी बेरियमकडे बघ

तुझं म्हणणं असं की बेरियम सेरेटचं (म्हणजे फ्युएल सेलमध्ये प्रोटॉन वाहून नेणाऱ्या सिरॅमिकचं) पेलेट, म्हणजे पावडर दाबून भाजलेली चकती, मस्त घट्ट झालं, कंडक्टिव्हिटीही चांगली आली, पण ६०० अंशांवर साध्या हवेत चार दिवस ठेवल्यावर कडेला पांढरी भुकटी दिसली, मग आता त्यात मिसळलेलं यिट्रियम वाढवू का? नको. यिट्रियमने हे थांबणार नाही.

ती भुकटी बहुतेक बेरियम कार्बोनेट आहे. एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या आलेखात) २४ अंशांजवळचं पीक बघ, कारण सोबत तयार होणाऱ्या सेरियाचं (सेरियम ऑक्साइडचं) २८.५ चं पीक सेरेटच्या मोठ्या पीकखाली लपतं आणि आपण फसतो. प्रोटॉन वाहायला आधी वाफेतलं पाणी ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांत शिरावं लागतं, ते शिरतं कारण मटेरियल अल्कधर्मी आहे, आणि त्याच गुणामुळे ते हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतं. १९८१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इवाहारांनी स्ट्रॉन्शियम सेरेटमध्ये प्रोटॉन वाहतात हे दाखवलं, तेव्हापासून ही ओढाताण चालूच आहे. सेरियमऐवजी झिर्कोनियम असलेलं झिर्कोनेट टिकतं पण ते घट्ट व्हायला १६०० च्या वर जावं लागतं आणि ग्रेन बाउंड्रीवर (सिरॅमिकच्या कणांमधल्या सीमेवर) प्रोटॉन अडतात, म्हणून सेरियमच्या जागी थोडं थोडं झिर्कोनियम घालत जा. एक टक्का निकेल ऑक्साइड घातलंस तर १४००-१५०० ला काम होतं. मात्र तिथेही बेरियम उडतं, पेलेट त्याच पावडरमध्ये पुरून भाज.

आता नाशिकची गोष्ट. माझी एक अख्खी बॅच जुलैत गेली. यिट्रियाची (यिट्रियम ऑक्साइडची) बरणी उघडी राहिली होती, त्याने ओलावा धरला, मी तसंच वजन केलं, म्हणजे यिट्रिया कमी पडला आणि बेरियम जास्त झालं. ते जास्तीचं बेरियम ग्रेनच्या फटीत बसलं. दिसायला पेलेट एकदम छान, पण आठवड्याने अंगठ्याचं नख लावलं तर कड ओल्या विटेसारखी सुटली. तेव्हापासून यिट्रिया ९०० अंशांवर तापवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा न येणाऱ्या बंद भांड्यात) गार करून लगेच वजन करतो, पावसाळ्यात तर न चुकता.

एवढी मेहनत कशाला असं वाटेल, पण या सिरॅमिकची फ्युएल सेल ४०० ते ६०० अंशांत चालते आणि पाणी हवेच्या बाजूला तयार होतं, इंधन पातळ होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढच्या बॅचचं एक पेलेट मोडून अर्धं कार्बन डायऑक्साइडमध्ये ६०० ला १०० तास ठेव, मग दोन्ही अर्ध्यांचा एक्सआरडी शेजारी शेजारी लाव. आणि मास्क, ग्लोव्हज घाल रे, बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरायचे.