'माझा अंतर्यामी' की 'माझ्या अंतर्यामी'?

प्रश्न असा आला आहे: हिंदीत 'अंतर्यामी' म्हणजे मनातलं ओळखणारा देव. मराठीत मात्र 'माझ्या अंतर्यामी तूच आहेस' असं म्हणतात, म्हणजे तिथे ती जागा झाली. यातलं चूक कोणतं? आणि इतर धर्मांत असा शब्द आहे का?

चूक कोणतंच नाही, पण मूळ अर्थ या दोन्हींहून निराळा आहे. 'यामी'चा जाणण्याशी संबंध नाही. धातू 'यम्', म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. संयम, नियम, नियंता, प्राणायाम ही सगळी त्याचीच भावकी. (रात्रीची 'यामिनी' यात ओढू नये. तिथला 'याम' म्हणजे प्रहर.) तेव्हा अंतर्यामी म्हणजे आत राहून लगाम धरणारा.

शब्दाचं मोठं ठिकाण म्हणजे बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायातलं अंतर्यामी ब्राह्मण (ब्राह्मण म्हणजे इथे ग्रंथातलं एक प्रकरण). उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला विचारतो, सगळ्यांना आतून चालवणारा तो कोण? गंमत म्हणजे हा प्रश्न आरुणीचा स्वतःचा नाही. मद्र देशात पतंचल काप्याच्या बायकोच्या अंगात एक गंधर्व आला होता, त्याने तो घातला होता. आत कोण आहे हे विचारणारा स्वतःच दुसऱ्याच्या आत बसलेला! याज्ञवल्क्य पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, डोळा, कान, मन असं एकेक घेत जातो आणि प्रत्येक वेळी तेच पालुपद: जो त्यात राहतो, ज्याला ते ओळखत नाही, जो त्याला आतून आवरतो, 'एष त आत्मान्तर्याम्यमृतः'. हा तुझा आत्मा, अंतर्यामी, अमर.

आतून चालवतो तो जाणतही असणारच, त्यामुळे हिंदीतला अर्थ पुढे आला असावा. शिखांच्या गुरुबाणीत 'य'चा 'ज' होऊन 'अंतरजामी' असं रूप ठायी ठायी भेटतं. मराठीत मनातलं ओळखणाऱ्याला 'मनकवडा' हा फक्कड शब्द आधीच होता, म्हणून 'मी काय अंतर्यामी आहे?' असं आपण चिडल्यावरच म्हणतो.

मराठीने केलेली करामत मला जास्त आवडते. घरी, मनी, अंतरी, हृदयी ही सप्तमीची रूपं कानात इतकी मुरलेली की 'अंतर्यामी'मधली शेवटची 'ई'सुद्धा आपल्याला सप्तमीच वाटली. मग 'अंतर्याम' असं नाम वेगळं काढलं, अर्थ दिला अंतःकरण, आणि 'अंतर्यामातून' असंही बेधडक लिहू लागलो. संस्कृतात 'अंतर्याम' आहे, पण ते सोमयागातल्या सोमरसाच्या एका ग्रहाचं, म्हणजे पेल्याचं, नाव. त्याचा इथे काही हात नसावा. राहणाऱ्याच्या नावावरून घराला नाव पडावं तसा हा प्रकार.

जुन्या लेखनात फरक डोळ्यांना दिसे: हृदयात या अर्थी 'अंतर्यामीं', देव या अर्थी 'अंतर्यामी'. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही एकसारखे दिसू लागले. आता आधीचा शब्द पाहायचा. 'माझा अंतर्यामी' असेल तर तो देव, 'माझ्या अंतर्यामी' असेल तर ती जागा.

शिखांचं 'अंतरजामी' सोडलं तर इतर धर्मांत थेट हाच शब्द मिळणार नाही, आणि 'सगळे एकच सांगतात' असं उरकून टाकायला मी तयार नाही. लूकच्या शुभवर्तमानात (१७:२१) येशू म्हणतो की देवाचं राज्य 'तुमच्यामध्ये' आहे. मूळ ग्रीक शब्द 'एन्तॉस'. त्याचा अर्थ तुमच्या आत की तुम्हा लोकांत, यावर भाषांतरकारांचं आजही एकमत नाही. मराठीला ही अडचणच नाही. पेटीमध्येही 'मध्ये' आणि पोरांमध्येही 'मध्ये'. शिवाय तिथे आत आहे ते राज्य, देव स्वतः नव्हे.

कुराणात (५०:१६) अल्लाह म्हणतो की माणसाचं मन काय कुजबुजतं ते आम्ही जाणतो आणि मानेच्या शिरेहूनही आम्ही त्याच्या जवळ आहोत. जाणणं आहे, जवळीक आहे, पण 'आत' हा शब्द नाही. तो नसणं मला महत्त्वाचं वाटतं.

शीख परंपरेत मात्र थेट 'आत' आहे, आणि तेही आपल्याच माणसाच्या तोंडून. गुरू ग्रंथ साहिबात नामदेव म्हणतात, 'घट घट अंतरि सरब निरंतरि केवल एक मुरारी'. घट म्हणजे मडकं, म्हणजेच देह.

आणि श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी तर आपली ओळखच अशी करून दिली: 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद'. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो, म्हणजे मुसलमान. 'हृदयीं'वरचा अनुस्वार मी मुद्दाम ठेवला आहे.