फ्रेंच चित्रांतल्या विवस्त्र स्त्रीसमोर आरसा का असतो?

मुख्यतः दोन कारणांनी: पाठमोऱ्या स्त्रीचा चेहराही दाखवता येतो, आणि शृंगार करणाऱ्या व्हीनसच्या (रोमन प्रेमदेवतेच्या) चित्रांच्या जुन्या परंपरेचा आधार मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र देवी गेली, खरी खोली आली. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं १८९७ चं चित्र बघा: विवस्त्र बाई आपल्याकडे पाठ करून उभी, चेहरा फक्त आरशात. तिथे नखरा नाही, ती स्वतःला निरखते आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. पण आरसा म्हणजे नग्नता असं समीकरण नको. फ्रेंच चित्रकार एदुआर मानेच्या 'नाना' या चित्रात (१८७७) नाना नावाची स्त्री अंतर्वस्त्रांत, हातात पावडरचा पफ, नजर आरसा सोडून थेट आपल्याकडे. उजव्या कडेला टोपीवाला गृहस्थ, चित्राच्या चौकटीने अर्धा कापलेला. नग्न नसूनही ते चित्र सलोंने (पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने) नाकारलं.