दशांश एकूण पगारावर की हातातल्या पगारावर?

जालना जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेतले एक शिक्षक (वय ४१) लिहितात: "आम्ही ख्रिस्ती कुटुंब. पत्नी घरीच असते, दोन मुलं शिकतायत. पगार ७२,०००, एनपीएस (निवृत्तिवेतनासाठीची कपात) आणि पतसंस्थेचा हप्ता कापून हातात ५८,००० येतात. दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, कशावर द्यावा? जगाच्या रीतीनं पैशामागे धावायचं नाही असं ठरवलंय. उद्याची चिंता नको म्हणून टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घेतला नाही. त्यात पैसेही परत मिळत नाहीत. मंडळीतल्या एका बंधूंनी पॉलिसी काढून दिली: वर्षाला ९६,०००, पंधरा वर्षं, शेवटी २१ लाख, विमा १० लाखांचा. तीन हप्ते भरलेत. मार्चमध्ये हप्ता आला की त्या महिन्याचा दशांश मात्र राहून जातो."

सर, ७,२०० की ५,८००, फरक १,४०० रुपयांचा. श्रद्धेचं पाळकांना विचारा. हिशोबाचं म्हणाल तर एकूण पगार धरा. एनपीएस तुमचीच बचत आहे आणि पतसंस्थेचं कर्जही तुम्हीच काढलंय.

खरा घोळ तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. पॉलिसीला महिन्याला ८,००० जातात, म्हणजे दशांशापेक्षा जास्त. पंधरा वर्षांत १४ लाख ४० हजार भरून २१ लाख, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधीत) आजच्या ७.१ टक्क्यांनी हेच २६ लाख होतात. आणि उद्या तुम्हाला काही झालं तर १० लाखांत घर किती दिवस चालेल? महिना ४० हजार धरले तर दोन वर्षं. तोवर मुलांचं शिक्षण तरी संपेल का?

चिंता नको म्हणून टर्म नाकारलात, मग २१ लाखांची आशा कशाची? पैसे परत येत नाहीत ही तक्रार मला तरी फार जगाची वाटते. दशांश कुठे परत येतो? लूकच्या १४व्या अध्यायात येशू शिष्यत्वाबद्दलच बोलतोय, आणि तिथेच बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशोब करायला सांगतो.

आधी एक कोटीचा टर्म विमा घ्या, साठीपर्यंतचा. निर्व्यसनी असाल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडेल. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीच्या शाखेत जाऊन सरेंडर (आज पॉलिसी मोडून मिळणारी) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून मुदतीनंतर मिळणारी) या दोन्ही रकमा लेखी मागा. आज सोडलीत तर भरलेल्या २ लाख ८८ हजारांतले बरेच जातील, त्याला इलाज नाही. पुढचे बारा हप्ते तरी वाचतील. उरलेल्यातले पाच हजार महिन्याला पीपीएफमध्ये टाका. मग मार्चचा दशांशही राहून जाणार नाही.

बंधू नाराज होतील म्हणून थांबू नका. आणि नव्या विम्याचा फॉर्म त्यांच्याकडून भरून घेऊ नका. बीपी, साखर जे असेल ते स्वतःच्या हातानं लिहा. काही एजंट अशा रकान्यांत सरसकट 'नाही' लिहून टाकतात आणि दावा तिथेच अडकू शकतो.