'लसीत पारा' म्हणावं का?

प्रश्न असा आहे : बाळांच्या लशींमुळे स्वमग्नता (ऑटिझम) होते, या दाव्याबद्दलच्या बातम्यांत 'लसीत पारा' असं छापतात, ते बरोबर का? आणि थायोमर्सल व थायमेरोसाल ही दोन वेगळी रसायनं आहेत का?

दुसरं आधी निकालात काढू. वस्तू एकच, अमेरिकेत थायमेरोसाल, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे थायोमर्सल. ('लसीत' की 'लशीत'? दोन्ही चालतं. माझ्या तोंडी 'लशीत'.)

'पारा' मात्र खटकतो. पारा म्हटलं की थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळणारे चंदेरी थेंब आठवतात. लशीत असतं ते थायोमर्सल, म्हणजे पाऱ्याचं संयुग. वजनाने साधारण निम्मा पारा. एकाच कुपीतून दहा मुलांना लस द्यायची तर सुई पुन्हापुन्हा आत जाते, जंतू वाढू नयेत म्हणून हे परिरक्षक घालतात. 1928 साली ऑस्ट्रेलियात बंडाबर्गला परिरक्षक नसलेल्या घटसर्पाच्या लशीत जंतू शिरले आणि 12 मुलं दगावली.

मोठा घोळ पुढेच आहे. थायोमर्सलपासून शरीरात एथिल मर्क्युरी तयार होतं. जपानमध्ये मिनामाटाला माशांतून माणसांच्या मज्जासंस्थेवर घाला घातला तो मिथिल मर्क्युरीने. बातमीत दोन्ही 'पारा'च! एथिल-मिथिलमधला फरक दारूच्या बाबतीत आपल्याला बरोबर कळतो : 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथिल अल्कोहोलमुळे. एथिल मर्क्युरीही मोठ्या मात्रेत विषच आहे, पण रक्तातलं त्याचं प्रमाण काही दिवसांत निम्म्यावर येतं. मिथिलला महिन्याहून जास्त लागतो. 1999 मध्ये अमेरिकेत धास्ती बसली ती मिथिलची मर्यादा एथिलला लावून. सहा महिन्यांच्या बाळाला सगळ्या लशी मिळून 187.5 मायक्रोग्रॅमपर्यंत पारा, असा तो हिशोब. खबरदारी म्हणून 2001 पर्यंत बाळांच्या नेहमीच्या लशींतून थायमेरोसाल गेलं. स्वमग्नतेची निदानं तरी वाढतच राहिली. डेन्मार्कने 1992 मध्येच ते थांबवलं होतं, तिथेही तेच.

म्हणून 'स्वमग्नतेशी संबंध सिद्ध झाला नाही' ही वाक्यरचनाही मला नको वाटते. पुराव्याअभावी आरोपी सुटल्यासारखं वाटतं ते. 'शोधूनही संबंध आढळला नाही' म्हणा. आणि या बातमीत गोवराच्या एमएमआर लशीचं चित्र टाकू नका. ती जिवंत विषाणूंची लस, तिच्यात थायोमर्सल कधी नव्हतंच.