भाचीच्या डोळ्याबद्दल, मामाला

प्रिय बाळा,

ताई भाचीला घेऊन साताऱ्याहून तुझ्या लालबागच्या खोलीवर आली, हे बरं झालं. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचा कॅन्सर, हे नाव ऐकून तिचं आणि दाजींचं भान हरपलेलं असणार. पुढचे काही महिने घरात शुद्धीवर राहण्याचं काम तुझं.

सगळ्यात आधी ताईच्या सासूबाईंना फोन कर आणि सांग, की ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालेलं नाही. आरबी-१ नावाच्या जनुकात बिघाड होऊन ही गाठ येते. पुष्कळदा तो बिघाड त्या मुलातच पहिल्यांदा झालेला असतो, घराण्यात कुणालाच नसतो. वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण आईवर ठेवलेला हा आळ ऐकला की अजून माझं डोकं तापतं.

आता डोळा काढण्याचं. गाठ फार वाढलेली असेल, त्या डोळ्याला दिसण्याची आशा उरली नसेल, तर डॉक्टर तो काढायला सांगतात. दाजी म्हणतील, अजून एकाला दाखवू. जरूर दाखवा, पण याच आठवड्यात, आणि डोळ्याच्या कॅन्सरचं काम करणाऱ्यालाच. नवस, काढे आणि ‘जरा थांबून बघू’ यांत दिवस गेले, तर गाठ डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकू शकते. आधी जीव, मग डोळा, मग नजर, हा क्रम डॉक्टर धरतात आणि तुम्हीही तोच धरा. गाठ डोळ्याबाहेर गेलेली नसताना उपचार झाले, तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. काढलेल्या डोळ्याच्या जागी बहुधा त्याच ऑपरेशनमध्ये गोळा बसवतात, काही आठवड्यांनी वरून कृत्रिम डोळा. मूल वाढेल तसा तो बदलून घ्यावा लागतो. एका डोळ्यावर पोरं लवकर रुळतात, धावतात, शाळेत जातात. ताईला हे ऐकून पटणार नाही. ओपीडीत असं एखादं मूल खेळताना दिसलं, तर तिला त्याच्या आईशेजारी बसव.

केमो सुरू झाली की मधल्या दिवसांत काउंट पडतात, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता का होईना, परळचं टाटा हॉस्पिटल गाठा; टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेव. चाळीतली माणसं मायेने भेटायला येतील. सर्दी-खोकला असेल त्याला दारातूनच परत पाठव, रागावला तरी चालेल.

डोळे तपासायला भूल द्यावी लागते, म्हणून त्या दिवशी पोरीला उपाशी ठेवतात. ती भुकेने रडेल आणि ताईचा हात डब्याकडे जाईल. त्या वेळी पोरीला कडेवर घेऊन तू फिरव.

पैशांसाठी दाजींना सावकाराकडे जाऊ देऊ नकोस. रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी टाटातल्या समाजसेवकांना भेट, उपचारांच्या खर्चासाठी असलेल्या सरकारी महात्मा फुले योजनेचं विचार. खोली अपुरी पडली, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचंही त्यांनाच विचार.

आणि धाकटा भाचा गावी आजीजवळ आहे ना? त्याचेही डोळे तपासायला हवेत. दोष आनुवंशिक असेल तर त्यालाही धोका आहे. दाजी आता गावी जातील, तेव्हा येताना त्याला घेऊनच येऊ देत.

तुझी,
मावशी