मस्कतला गेल्यावर अरबी असं काय खावं-प्यावं?

डिसेंबरात पाच दिवस ओमान, सोबत शाकाहारी सासूबाई, आणि ‘शवर्मा-हमूस सोडून खरं अरबी काय खायचं?’ हा तुमचा प्रश्न. मी मस्कतच्या रुवी भागात सहा वर्षं काढली, त्यामुळे ओमानपुरतंच बोलतो. शवर्मा, हमूस, फलाफल हे सगळं लेबनॉन-सीरियाकडचं. मस्कतमध्ये मिळतं झकास, पण पुण्यात येऊन इडली-डोसा खाल्ला तर महाराष्ट्राचं जेवण कळतं का? तसंच ते.

सुरुवात काहव्याने करा. हलकी भाजलेली कॉफी, त्यात वेलची, दूध नाही, साखरही नाही. पहिल्या घोटाला काढाच वाटतो. गोडवा सोबतच्या खजुराचा: एक खजूर, एक घोट. चोच असलेल्या दल्ल्यातून, म्हणजे कॉफीच्या किटलीतून, बिनकानाच्या इवल्याशा कपात, फिंजानमध्ये, तळाला जेमतेम दोन घोट ओततात. यजमान कंजूष नाही, पद्धतच ती. एका सहकाऱ्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा डाव्या हातात दल्ला धरून समोर उभा. मी फिंजान रिकामं केलं की तो भरायचा. आपल्याला टाकायचं नाही हे लहानपणापासून पढवलेलं, म्हणून मी संपवायचो. तो पुन्हा भरायचा. सातव्या वेळी शेजारी बसलेल्या आजोबांना दया आली. त्यांनी माझं मनगट धरून फिंजान दोनदा डावी-उजवीकडे हलवलं. बस झालं, याची खूण ती. घेताना आणि परत देताना उजवाच हात. अरबी कॉफीचा हा पाहुणचार युनेस्कोने २०१५ साली आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. ओमानसोबत अमिराती, सौदी आणि कतारचंही नाव त्यात आहे.

काहव्याबरोबर हलवा येतो. गाजराचा किंवा रव्याचा डोळ्यांपुढे आणू नका. आपल्याकडच्या कराची हलव्याचा मऊ, काळपट, चमच्याने खायचा थोरला भाऊ म्हणा. साखर, स्टार्च, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी, वरून सुका मेवा. निझवाला (मस्कतहून गाडीने साधारण दीड-दोन तास) किल्ल्याजवळच्या दुकानात बनवताना बघायला मिळाला तर जरूर थांबा. भल्यामोठ्या कढईत लांब दांड्याच्या उलथन्याने माणूस तास-दोन तास घोटत असतो, आणि हलवा कढईची कड सोडायला लागला की तूप वर चमकतं. गरम असताना चाखायला देतात. सासूबाईंना बिनधास्त चालेल.

शुवा मात्र नशिबाचा भाग. तो ईदचा पदार्थ. मटणाला लसूण, व्हिनेगर, जिरं, धणे, लवंग, दालचिनी, मिरची असा मसाला चोळून केळीच्या पानांत बांधतात, मग विणलेल्या पिशवीत घालून जमिनीतल्या निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरतात. वर झाकण, झाकणावर माती, आणि एक-दोन दिवस तिकडे बघायचंही नाही. गावात सगळ्या घरांची गाठोडी एकाच खड्ड्यात जातात, म्हणून प्रत्येकाने खुणेची तार बांधलेली. मांस हाडावरून आपोआप सुटतं. मस्कतमधल्या ओमानी जेवणाच्या हॉटेलांत एरवीही शुवा मिळतो आणि बराही असतो, पण मातीच्या धुराचा वास त्याला क्वचितच येतो.

संध्याकाळी रस्त्याकडेला निखाऱ्यांवर मिश्काक भाजत असतात, काड्यांना टोचलेले मांसाचे तुकडे, बरोबर चिंचेची चटणी. बहुतेकदा ते बीफ असतं, तुम्हाला चालत नसेल तर आधी विचारा. हरीस म्हणजे गहू आणि मांस एकजीव होईतो शिजवलेली खिमट; हैदराबादी हलीम त्याच घराण्यातलं, पण हरीस फार सौम्य. मला कधी आवडलं नाही.

सासूबाईंसाठी खुब्ज रखाल सांगा. तापल्या तव्यावर हाताने पीठ फिरवून केलेली कागदासारखी कुरकुरीत पोळी, वर मध किंवा चीज. सोबत लबान, म्हणजे आपलं ताकच, जरा दाट. कडक चहा तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळेल. तो बहुधा मल्याळी हातचा असतो आणि त्याला अरबी म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल, पण प्या.

खजूर विमानतळावर घेऊ नका, बाजारात चाखून घ्या. खलास जातीचा मऊ आणि मधासारखा असतो, फर्ध गडद आणि घट्ट. आणि एक गोष्ट सासूबाईंना मुद्दाम सांगा. ओमानात मबसली नावाच्या जातीचा खजूर पिवळा असतानाच मोठ्या भांड्यांत उकळून उन्हात वाळवतात, आणि हा माल वर्षानुवर्षं भारतात येतो. म्हणजे ओटीत घालतो ती खारीक. निझवाच्या बाजारात ती दिसली की त्या लगेच ओळखतील.